बेगमपेठेची प्रयोगशाळा आणि खेरवाड्याची बदली

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे मनात प्रथम काय येते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मुलांची शाळा, घरमालकाकडे अडकलेली अनामत, सामान बांधावयास लागणारी पोती, नव्या गावी मराठी माणूस भेटेल की नाही ही काळजी. कचेरीत अर्धवट राहिलेल्या कामाचा विचार फार उशिरा येतो आणि पुष्कळदा येतच नाही. त्यात आमचा निष्काळजीपणा नसतो. आमचे कामच अशा बेताने रचलेले असते की खुर्चीवर दुसरा बसला तरी ते चालू राहावे. नव्या माणसाने फाईल उघडावी, मागील टिपण वाचावे आणि त्याखाली आपले लिहावे. परंतु काही कामे अशी असतात की ती फाईलीत मावत नाहीत. ती माणसाबरोबर असतात आणि त्या जागेबरोबरही असतात, आणि दोहोंची ताटातूट केली तर ती मोडतात. असे एक काम १८९७ साली सिकंदराबादेस, बेगमपेठेतील एका पलटणीच्या लहानशा रुग्णालयात चालले होते. ते सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस करीत होता.

रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि त्याला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, एवढी हकीकत शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची आहे. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे त्यांना हेही ठाऊक असते की शोध लागल्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच सरकारने त्याची बदली केली. ही दुसरी गोष्ट सांगताना सांगणाऱ्याच्या ओठांवर हसू असते, आणि ते हसू आमच्यासारख्या कारकुनांकडे पाहून असते. आम्ही नोकरीनिमित्त याच शहरात राहतो आणि आमचे आयुष्यही असलेच हुकूम टंकित करण्यात जात आहे. तेव्हा हा इतिहास एकदा कचेरीच्या बाजूनेही पाहावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

प्रथम रॉसच्या आधीचे थोडेसे. हिवतापाचा जंतू स्वतः रॉसने शोधलेला नव्हे. तो ६ नोव्हेंबर १८८० रोजी आल्जीरियातील कॉन्स्टन्टाइन येथील लष्करी रुग्णालयात आल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराने पाहिला. तेही असेच एक दूरचे ठाणे. आजाऱ्याच्या ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहत असता त्याला एका गोल कणाच्या कडेवर बारीक तंतू जोराने वळवळताना दिसले, आणि ही वस्तू जिवंत आहे याविषयी त्याची खात्री झाली. थोरामोठ्यांनी त्याचे म्हणणे मान्य करावयास कित्येक वर्षे घेतली. जंतू माणसाच्या रक्तात आहे हे कळले. पण एका माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे कुणास ठाऊक नव्हते. दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो ही जुनी समजूत अद्याप पुरती गेली नव्हती. लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन याचा तर्क असा होता की डास रोग्याचे रक्त पितो, पाण्यावर जाऊन मरतो, जंतू त्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्यास ताप येतो. यातील पहिला भाग बरोबर होता, शेवटचा चूक होता. १८९४ साली रजेवर विलायतेस गेलेल्या रॉसला मॅन्सनने लाव्हरांचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला, आणि तेथून पुढे या गृहस्थाचे आयुष्य डासांस बांधले गेले.

रॉस आमच्याच मातीत जन्मलेला, १८५७ च्या मे महिन्यात अल्मोड्यास. बाप हिंदी सैन्यातील अधिकारी. स्वतः त्याला कविता लिहावयाच्या होत्या, गणितात डोके चालत होते; बापाच्या आग्रहाने तो वैद्यक शिकला आणि १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. पलटणीच्या डॉक्टरास त्या काळी सकाळी रोग्यांची पाहणी झाली म्हणजे पुष्कळ मोकळा वेळ असे. कुणी शिकार करीत, कुणी पोलो खेळत. रॉस कादंबऱ्या लिही आणि गणित सोडवी. मार्च १८९५ मध्ये तो परत निघाला तो स्वखर्चाने घेतलेले सूक्ष्मदर्शक घेऊनच, आणि सिकंदराबादेस १९ व्या मद्रास पायदळाच्या रुग्णालयात रुजू झाला.

येथे प्रयोगशाळा या शब्दाने वाचकाने फसू नये. रुग्णालयातील एक कोंदट, काळोखी खोली, खिडकीपाशी एक टेबल, काही बाटल्या आणि मच्छरदाणी एवढाच सरंजाम. प्रयोगासाठी सरकारी खात्यातून पैसा मिळत नव्हता. अळ्या गोळा करून आणावयास माणसे ठेवली होती. त्यांचा मेहनताना रॉसच्या खिशातून. ज्या रोग्याच्या रक्तात जंतू सापडेल त्याला मच्छरदाणीत निजवून त्यावर डास सोडावयाचे. त्याचेही पैसे खिशातून. पहिल्या उन्हाळ्यात अब्दुल कादिर नावाचा एक रोगी अशा रीतीने निजविला, तर डास चावावयास तयार होईनात. कोरड्या उन्हाने ते बेजार झाले होते. शेवटी मच्छरदाणी आणि बिछाना पाण्याने ओला केला तेव्हा कुठे ते बसले. मॅन्सनच्या तर्काप्रमाणे डास मेलेले पाणी लछमन नावाच्या एका तरुणास पाजण्यात आले. त्यास पुढे ताप आला आणि रॉसला क्षणभर वाटले की आपण जिंकलो. पुढील प्रयोगांत तसे घडेना. आज अशा प्रयोगास कोणतीही समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. लछमनाने काय समजून ते पाणी प्यायले असेल याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

हे काम कुठे जमू लागले तोच त्या सप्टेंबरात रॉसला बंगळूरास जावे लागले. तेथे पटकीची साथ होती. ही पहिली बदली. तिला आम्ही नाव ठेवणार नाही. पटकीने माणसे मरत असता डॉक्टराने डास चिरीत बसावे असे कोण म्हणेल? बंगळुरात त्याचे दीड वर्ष गेले. विहिरी, गटारे, सफाईचे जमादार, नगरपालिकेचा पत्रव्यवहार. या मुदतीत हिवतापाच्या कामासाठी आपली खास नेमणूक करावी असा अर्ज त्याने केला; तो नामंजूर झाला. मग त्याने रजा काढली आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये उटकमंडलाजवळील सिगूर घाटात, जेथे हिवताप भयंकर असे तेथे, स्वतःच्या खर्चाने गेला. तेथे त्याला स्वतःलाच हिवतापाने धरले. ज्यांनी हक्काची रजा कामासाठी खर्च केली आहे असे अधिकारी आमच्या पाहण्यात फार थोडे आहेत.

जूनमध्ये तो पुन्हा सिकंदराबादेस आला. आता पावसाळा होता, रोगी होते आणि डास होते. तरीही काही सापडेना. रॉसला डासांची शास्त्रीय नावे ठाऊक नव्हती. जवळ पुस्तक नव्हते, आणि हिंदुस्थानातील डासांविषयी उपयोगी पडेल असे पुस्तक त्या वेळी मिळण्यासारखेही नव्हते. त्याने आपल्यापुरती नावे ठेवली होती: एक राखी डास, एक पट्टेरी डास. या दोन जातींचे डास त्याने शेकड्यांनी चिरले. एकेक डास चिरून त्याचे सर्व शरीर कणाकणाने तपासावयास दोन-दोन तास लागत. ऑगस्टमध्ये उकाडा असह्य होता. पंखा ओढविला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून पंखा बंद. बारीक माश्या कानांत आणि डोळ्यांच्या पापण्यांवर येऊन बसत. कपाळाचा आणि हातांचा घाम गळून यंत्राचे स्क्रू गंजले होते आणि शेवटचे उरलेले नेत्रभिंगही तडकलेले होते. हे वर्णन त्याने स्वतःच पुढे आपल्या आठवणींत केले आहे आणि ते करताना त्याने हात आखडता घेतलेला नाही. पण त्यात अतिशयोक्ती असेल असे आम्हांस वाटत नाही. बेगमपेठेचा ऑगस्ट आम्ही विजेच्या पंख्याखालीही अनुभवतो.

चूक कोठे होती हे आज आम्हांस एका वाक्यात सांगता येते. माणसाच्या हिवतापाचा जंतू राखी किंवा पट्टेरी डासात वाढतच नाही. त्याला अ‍ॅनॉफिलीस कुळातील मादी लागते. म्हणजे दोन वर्षे चाललेले सर्व परिश्रम ज्या डासांवर झाले त्यांत काही सापडणे शक्यच नव्हते. ऑगस्टच्या मध्यास डास आणणाऱ्या माणसांपैकी एकाने वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून जे डास निघाले ते तपकिरी, पंखांवर ठिपके असलेले. त्याच सुमारास रुग्णालयातील हॉस्पिटल असिस्टंटने भिंतीवर बसलेला एक डास रॉसला दाखविला. त्याची बसण्याची ढब निराळी होती, शेपटीकडील भाग भिंतीपासून बाहेर काढलेला. हे हॉस्पिटल असिस्टंट म्हणजे आमच्यापैकी, हिंदी. दुय्यम दर्जाचे वैद्यकीय शिक्षण घेतलेले, डॉक्टराच्या हाताखाली रुग्णालय चालविणारे. वॉर्डाची व्यवस्था, औषधे, रोग्यांची नोंद, सर्व यांच्याकडे. ही ढब त्याच्या डोळ्याने टिपली.

१६ ऑगस्ट रोजी हुसेन खान नावाच्या रोग्यावर हे नवे डास सोडले. चावलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा असा दर ठरला होता. दहा डास चावले. हुसेन खानास दहा आणे मिळाले. पुढील दिवसांत रॉसने ते एकेक करून चिरले. काही वाया गेले, काहींत काही दिसले नाही. २० ऑगस्टला उरलेल्यांपैकी एक घेतला. त्याच्या टिपणवहीतील अनुक्रमाने तो डास क्रमांक ३८. शरीराचा बाकीचा सर्व भाग पाहून झाला होता, राहिली होती फक्त जठराची भिंत. ती पाहावयाची म्हणजे आणखी अर्धा तास. थकवा इतका होता की सोडून द्यावे असे त्याला वाटले. तरी त्याने पाहिले, आणि भिंतीत एक स्वच्छ गोल पेशी दिसली. मग दुसरी, तिसरी. प्रत्येकीत काळे बारीक कण होते, हिवतापाच्या जंतूत असतात तसेच. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला. त्यात त्याच पेशी होत्या, परंतु आकाराने मोठ्या. म्हणजे ती वस्तू डासाच्या अंगात एका दिवसात वाढली होती. सगळा शोध या ‘वाढली होती’ एवढ्यात आहे. आज २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात तो या मध्यान्हीमुळे.

लेख तयार करून त्याने विलायतेस धाडला. काचपट्ट्या मॅन्सनने व दुसऱ्या दोघा तज्ज्ञांनी तपासल्या आणि त्यांच्या अभिप्रायासह तो लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या १८ डिसेंबर १८९७ च्या अंकात प्रसिद्ध झाला. लेखक तोवर सिकंदराबादेत नव्हता.

सप्टेंबरच्या अखेरीस त्यास तातडीने मुंबईकडे निघण्याचा हुकूम आला. वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम चालू होती, त्यामुळे आपल्याला रणांगणावर धाडीत आहेत अशी त्याची समजूत झाली. मुंबईस पोचल्यावर कळले की जावयाचे ते राजपुतान्यात खेरवाड्यास. उदेपूरच्या दक्षिणेस, गुजरातच्या सीमेकडे, केसरियाजीच्या प्रसिद्ध जैन मंदिरापासून फार दूर नव्हे असे हे ठिकाण; तेथे मेवाड भिल्ल पलटणीची छावणी होती. सिकंदराबादेपासून हजार मैलांच्या आसपास. आणि गंमत अशी की तेथे हिवताप जवळजवळ नव्हताच. रोगी नाहीत, ठिपकेदार पंखांचे डास मिळावयाचे नाहीत, अळ्या ओळखणारी माणसे मागे राहिलेली. कबुतरांच्या रक्तात एक वेगळ्या जातीचा जंतू त्याने तेथे पाहिला, त्यावर थोडेफार काम केले, आणि उरलेला वेळ पत्रे लिहिण्यात घालविला. मॅन्सनला पत्र लिहावे आणि उत्तराची महिना-दीड महिना वाट पाहावी. नोकरी सोडून देण्याचा विचार त्याच्या मनात वारंवार येत होता. शोध नुकताच हाती आलेला आहे, तो पुरा करावयास आणखी काही आठवडे पुरतील असे वाटत आहे, आणि आपण अशा ठिकाणी बसलो आहोत की जेथे तो पुरा होणे शक्य नाही, ही मनःस्थिती कशी असेल याची कल्पना करावी. साडेचार महिने असे गेले.

आता कचेरीच्या बाजूने. रॉसने पुढे आपल्या आठवणींत सरकारवर कडक टीका केली आणि त्याच्या चरित्रकारांनी ती उचलून धरली. परंतु हा हुकूम कुणा दुष्ट माणसाने काढला असे मानावयास काही आधार नाही. आम्हांस या प्रकाराचा थोडाबहुत अनुभव आहे म्हणून सांगतो. मोहीम सुरू झाली की डॉक्टर सरहद्दीकडे ओढले जातात. त्यांच्या जागा रिकाम्या होतात. त्या भरावयास दुसरीकडून माणसे काढावी लागतात. टेबलावर एक यादी असते. तीत नाव, हुद्दा, सेवेची वर्षे आणि सध्याचे ठाणे. ‘हा गृहस्थ सध्या डास चिरीत आहे’ असा रकाना त्या यादीत नसतो. कारण सरकारच्या दृष्टीने रॉस डास चिरीत नव्हताच. तो १९ व्या मद्रास पायदळाचा डॉक्टर होता, आणि पलटणीस दुसरा डॉक्टर दिला की भागत होते. त्याचे खरे काम कोणत्याही कागदावर नव्हते. ते कागदावर यावे म्हणून त्याने अर्ज केला होता, पण वर सांगितल्याप्रमाणे तो नामंजूर झाला होता. आमच्या मते दोष शोधावयाचा तर तो सप्टेंबरच्या हुकुमात नव्हे, त्या आधीच्या नामंजुरीत शोधला पाहिजे. बदलीची यादी करणाऱ्यास माहिती नव्हती. अर्ज वाचणाऱ्यास होती.

लाव्हरांचीही गत फारशी वेगळी नव्हती. पॅरिसमधील प्राध्यापकपदाची त्याची मुदत संपल्यावर लष्कराने त्याला प्रथम लीलला आणि मग नाँतला मोठ्या हुद्द्यावर नेमले. हुद्दा होता, पण प्रयोगशाळा नव्हती आणि रोगीही नव्हते. त्याने १८९६ साली राजीनामा दिला आणि पाश्चर संस्थेत विनावेतन कामास लागला. १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्याने त्या संस्थेतील उष्णकटिबंधीय रोगांच्या प्रयोगशाळेस दिली. त्याला राजीनामा देणे परवडले. रॉसला बायकामुले होती आणि निवृत्तिवेतनाखेरीज दुसरा आधार नव्हता.

रॉसची सुटका शेवटी कागदानेच झाली, हे टीकाकार सांगत नाहीत. मॅन्सनने लंडनमध्ये खटपट केली, येथील वैद्यकीय खात्याच्या वरिष्ठांनी अनुकूलता दाखविली, आणि हिवताप व काळा आजार यांच्या तपासासाठी सहा महिन्यांच्या खास कामगिरीवर त्याची नेमणूक झाली. फेब्रुवारी १८९८ मध्ये तो कलकत्त्यास प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाजवळच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. टेबल चांगले, जागा चांगली. पण माणसे जवळ येईनात.

याचे कारण आपल्याकडे घडलेले होते. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत बसून जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली. पुण्यास प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून जे केले ते येथे पुन्हा सांगावयास नको; २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रॉस बेगमपेठेत परत येऊन स्थिरस्थावर होत होता तो हाच महिना. पुढील वर्षी प्लेग कलकत्त्यास पोचला तेव्हा सुई घेतलेला डॉक्टर म्हणजे सरकारने धाडलेला यमदूत अशी लोकांची समजूत होऊन बसली होती आणि शहरात दंगे झाले. रॉसने पैसे देऊ केले तरी बोटाला टाचणी लावून घ्यावयास कुणी राजी होईना. बेगमपेठेस हुसेन खान दहा आण्यांवर निजला होता. कलकत्त्यास दुसरा हुसेन खान मिळाला नाही. पुण्याच्या घराघरांतून जी भीती पेरली गेली तिचे पीक एका निरुपद्रवी संशोधकाच्या टेबलावर असे निघाले.

म्हणून तो पक्ष्यांकडे वळला. चिमण्यांनाही त्यांच्या जातीचा हिवताप होतो, आणि तो राखी डासात वाढतो. ज्या डासाने सिकंदराबादेत त्याची दोन वर्षे खाल्ली तोच येथे उपयोगी पडला. मदतीस महंमद बक्ष नावाचा एक माणूस होता. अळ्या आणणे, डास वाढविणे, रात्री चिमण्यांचे पिंजरे मच्छरदाणीत ठेवणे, सकाळी पोट भरलेले डास नळीत धरणे, सर्व तो करी, आणि प्रयोगशाळेतच निजे. जुलै १८९८ च्या पहिल्या आठवड्यात रॉसला डासाच्या लाळग्रंथीत जंतूच्या शेवटच्या अवस्थेचे सुतासारखे कण भरलेले दिसले. लाळेतून ते चाव्यावाटेच बाहेर जाणार, पाण्यातून नव्हे. ९ जुलैपर्यंत डास चावलेल्या निरोगी चिमण्यांच्या रक्तात जंतू दिसू लागले. पुढे २८ निरोगी चिमण्यांपैकी २२ अशा रीतीने रोगी झाल्या. मॅन्सनने ही बातमी त्याच महिन्यात एडिंबरोच्या परिषदेत जाहीर केली.

राहिले एवढेच की हेच माणसाच्या बाबतीत, ठिपकेदार पंखांच्या डासाने, करून दाखवावयाचे. ते काम ऑगस्ट १८९७ मध्ये बेगमपेठेस अर्धे झाले होते. परंतु ऑगस्ट १८९८ च्या सुमारास रॉसची रवानगी काळ्या आजाराच्या तपासासाठी आसामात झाली, कारण नेमणुकीच्या हुकुमात दोन्ही रोग लिहिले होते. काळा आजार हा हिवतापाचाच प्रकार असावा असे त्याने ठरविले. ते चुकीचे होते, आणि त्याचा वेगळा जंतू १९०३ साली लीशमन व मद्रासचे डोनोव्हन यांनी दाखविला. इकडे रोममध्ये ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी १८९८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात माणसावरील प्रयोग पुरा केला. त्यानंतर श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जो वाद जुंपला तो दोघांच्या आयुष्यभर पुरला आणि दोघांनाही शोभला नाही.

खेरवाड्याच्या बदलीने तोटा काय झाला, याचे उत्तर आमच्या मते हे आहे. काही लोक उलटे म्हणतात: बदली झाली म्हणून रॉस कलकत्त्यास आला, पक्ष्यांकडे वळला, आणि चिमण्यांवरील पुरावा माणसावरील पुराव्यापेक्षा अधिक स्वच्छ निघाला, शिवाय पिंजऱ्यातील चिमणीस रस्त्यातला डास चावला असेल अशी शंका राहत नाही. यात तथ्य आहे. तथापि एखादा मनुष्य अडथळा ओलांडून गेला म्हणून अडथळ्याचे उपकार मानण्याची रीत आम्हांस पसंत नाही. बेगमपेठेत आणखी दोन-तीन महिने मिळते तर माणसाच्या हिवतापाची साखळी तेथेच पुरी होण्याचा चांगला संभव होता. रोगी होते, डास होते, ती अळी कोणत्या डबक्यात मिळते हे ठाऊक असलेला माणूस होता.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस एका ओळखीच्या गृहस्थांमुळे कळले. आदिलाबादकडील एका तालुक्याच्या रुग्णालयात ते रक्त तपासण्याचे काम करीत. तीस वर्षे एकाच टेबलावर काढून निवृत्त झाले. मराठी घराणे, त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या असलेले. काम ऐकावयास अगदी साधे. बोट टोचून काचेवर रक्ताचा एक जाड आणि एक पातळ थर घ्यावयाचा, वाळवावयाचा, जसवंतसिंग-भट्टाचार्जी रंगाने रंगवावयाचा. हा रंग १९४४ साली आपल्याच देशात तयार झाला आणि परदेशी रंगांच्या मानाने स्वस्त म्हणून गावोगाव पोचला. मग तेलातील भिंगाखाली जाड थराची शंभर क्षेत्रे नजरेखालून घालावयाची. शंभरांत जंतू दिसला नाही तर ‘नाही’ लिहावयाचे. नव्वदाव्या क्षेत्रापाशी डोळा थकला तर तो ‘नाही’ खोटा ठरतो आणि ते कुणाला कळतही नाही. हे गृहस्थ म्हणाले, की पहिली दहा वर्षे आपण काचा पाहिल्या, नंतरची वीस वर्षे गावे पाहिली. पाऊस उघडल्यावर कोणत्या पाड्यावरून आलेल्या काचांत जंतू प्रथम दिसू लागतात हे त्यांना पाठ झाले होते, आणि फवारणीवाल्यांना ते अहवाल जाण्याच्या आधीच तोंडी कळवीत. त्यांच्या जागी आलेला तरुण मनुष्य हुशार आहे, यंत्रही नवे आहे. पण ही माहिती कोणत्याही कार्यभार-हस्तांतरणाच्या कागदात लिहिलेली नव्हती. आम्ही त्यांना ती लिहून काढावयास सांगितले. त्यांनी हसून चहा मागविला.

अशाच काचांवर आमच्या देशातील हिवतापाचे सर्व हिशेब उभे राहिले. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी माणसांस हा ताप येई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय ठरले, आणि १९६५ च्या सुमारास आकडा एक लाखापर्यंत खाली आला. मग लक्ष उडाले. १९७६ साली तो पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला.

रॉसने फेब्रुवारी १८९९ मध्ये हिंदुस्थान सोडला. त्याला सर ही पदवी मिळाली, लंडनमध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली, १९२७ साली कलकत्त्यास त्याच्याच हजेरीत रुग्णालयाच्या भिंतीत स्मारकाचे दार उघडले. १९३२ साली तो वारला. बेगमपेठेची ती इमारतही जुन्या विमानतळाजवळ त्याच्या नावाने उभी आहे. ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने महंमद बक्षाची आठवण आवर्जून लिहिली आहे. हुसेन खानाचे नावही तेथे आहे, दहा आण्यांसह. मात्र ज्या हॉस्पिटल असिस्टंटने भिंतीवरचा तो डास दाखविला त्याचे नाव आपण विसरलो आहोत याबद्दल खेद वाटतो, असे रॉसने तेथेच नमूद केले आहे. खेद खरा असावा. पंचवीस वर्षांनी, सहा हजार मैलांवरून लिहिताना हाताखालच्या एका माणसाचे नाव न आठवणे अगदी शक्य आहे.

पण ते नाव लिहिलेले होते. १८९७ च्या ऑगस्टचा पगार त्या मनुष्यास मिळाला असणार; पगारपत्रकावर त्याचे नाव, हुद्दा, रक्कम आणि सही किंवा अंगठा असणार, आणि ते पत्रक पलटणीच्या कचेरीतील कुणा कारकुनाने सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेले असणार. १९ वी मद्रास पायदळ पलटण १९०३ साली ७९ वी कर्नाटक पायदळ झाली आणि पुढे मोडली. तिची दप्तरे कोठे गेली, कोणती ठेवली आणि कोणती मुदत संपली म्हणून जाळली, याचा तपास एखाद्या इतिहासाच्या अभ्यासकाने करावा. मद्रासकडे किंवा दिल्लीस ज्यांची नेमणूक आहे आणि ज्यांना दप्तरखान्यात शिरण्याची मुभा आहे अशा वाचकांपैकी कुणी ते मनावर घेतले, तर शोधावयाचा महिना ठाऊक आहे, ठाणे ठाऊक आहे आणि हुद्दाही ठाऊक आहे.